अर्धा जीबी आणि मुहूर्ताची खिडकी

माझं लग्न एकेकाळी अर्ध्या जीबीवर टांगलेलं होतं असं मी सांगते तेव्हा घरातली तरुण मंडळी हसतात. त्यांच्या खिशातल्या फोनमध्ये त्याच्या कितीतरी पट मेमरी असते. पण दोन हजार चार-पाचच्या सुमारास हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, अर्धा जीबी ही मिरवायची गोष्ट होती. शेठजी आल्यागेल्या व्यापाऱ्याला चहा पाजत आणि मग सर्व्हर दाखवत. "अर्धा जीबी हाये," ते म्हणत. समोरचा माणूस काहीही न समजता मान डोलवत असे आणि दुसरा चहा घेत असे.

मी वर्ध्याजवळच्या नालवाडीची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वर्ध्यात कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, मग तिथल्याच एका क्लासमध्ये शिकवायला लागले. लिनक्स ही मशीन चालवणारी प्रणाली मी शिकले ती एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून, आणि आईच्या मते डोळे फोडून घेऊन. हिंगणघाटच्या जिनिंगला लिनक्स समजणारं माणूस हवं आहे असं कानावर आलं आणि मी अर्ज न करता थेट जाऊन उभी राहिले. नागपूरच्या ज्या गृहस्थांनी तिथे सर्व्हर बसवला होता ते बसवून गेले ते गेलेच होते. फोन केला की "बंद करून चालू करा" एवढं सांगत आणि ठेवून देत. शेठजींनी माझ्याकडे पाहिलं, मग सर्व्हरकडे पाहिलं, आणि म्हणाले, "सीझनभर पाहू. याले सांभाळलं तर तुमाले सांभाळतो."

घरी बाबांनी दुसरी अट घातली. बाबांचं नालवाडीत किराणा दुकान. ते काही जुन्या वळणाचे कडक वगैरे नव्हते. पोरगी रोज एसटीने परगावी का जाते हे दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगायचा त्यांना कंटाळा होता, एवढंच. त्यातच आर्वीचं एक स्थळ आलं होतं. मुलाचं हार्डवेअरचं दुकान होतं, म्हणजे खिळे, बिजागऱ्या आणि कुलपं. आईला हे फारच जुळलेलं वाटलं. "तुह्यं सॉफ्टवेअर, त्याचं हार्डवेअर," ती म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर पोळी करपेपर्यंत हसली.

"सीझनभर जा," बाबा म्हणाले. "कापूस संपला का मंग बोलू. पण मधातच त्याइनं तुले घरी पाठवलं, तर मी आर्वीले होकार कळवतो. मंग रुसाचं नाई."

मी कबूल केलं. न करून सांगते कुणाला.

आता गंमत अशी, की ज्या नोकरीला बाबांचा विरोध होता तिच्यासाठी रोज सकाळी जागा तेच धरत. स्कूटरवरून मला वर्ध्याच्या स्टँडवर आणत. हिंगणघाटची गाडी फलाटाला लागते न लागते तोच गर्दीतून पुढे घुसत आणि खिडकीतून सीटवर रुमाल टाकत. निळ्या चौकड्यांचा मोठा रुमाल होता तो. मी मागून आरामात चढायची आणि रुमालावर बसायची. "उभी राहून गेली तर चक्कर येते तुले," एवढंच ते म्हणत. विरोध घरी चालू राही. स्टँडवर त्याला सुट्टी असे.

जिनिंगमधलं काम समजायला सोपं होतं. कापसाची गाडी आत येते, वजनकाट्यावर चढते, काट्याच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर वजन पडतं, भाव लागतो आणि हिशेबाची पट्टी छापून निघते. काट्यावर एक कॉम्प्युटर, भावाच्या टेबलावर एक, दोन हिशेबाला, एक शेठजींच्या केबिनमध्ये. सगळ्यांची माहिती एकाच जागी, सर्व्हरमधल्या डेटाबेसमध्ये. तो चालू तर जिनिंग चालू. तो मेला की पट्टी निघत नाही, पट्टी निघाली नाही की गाडी हलत नाही, आणि बैलगाड्या-ट्रॅक्टरची रांग फाटकातून बाहेर थेट हमरस्त्यावर जाते. रस्त्यावरचे लोक मग हॉर्न वाजवतात. ते मला वाजवताहेत असं वाटायचं.

दिवाळीनंतर, ऐन आवक सुरू झाली तेव्हा, तो पहिल्यांदा मेला. सर्व्हरच्या काळ्या पडद्यावर एक कोरडी ओळ होती. मेमरी संपली होती, म्हणून लिनक्सने डेटाबेसला मारून टाकलं होतं. हे लिनक्सचं असंच. मेमरी पार संपली की तो बहुतेक वेळा सगळ्यात जास्त जागा अडवून बसलेल्याला हुडकतो आणि संपवतो. बाकीचे जगावेत म्हणून. न्याय म्हणून ठीक आहे, पण आमच्याकडे सगळ्यात जास्त जागा अडवणारा आणि एकमेव कामाचा माणूस एकच होता.

मी हे शेठजींना सांगितलं. ते चांगलेच हळहळले.

"मारूनच टाकलं? उपाशी होता काय?"

"उपाशी नाही, शेठजी. जास्त खाल्लं त्याने."

"जास्त खाल्लं म्हणून कोणी मरते काय? आपल्या घरी नाई मेलं कोणी."

शेठजींच्या घरचा जेवणाचा आग्रह साऱ्या हिंगणघाटला माहीत होता. पाहुण्याने हात आडवा धरला की त्या हातावर वाढत. त्यांच्या मते सर्व्हरलाही पोटभर मिळत नव्हतं. आणखी मेमरी बसवायला त्या मशीनमध्ये जागा उरली नव्हती, नाही तर त्यांनी नागपूरहून पोतंभर आणली असती. मग त्यांनी हुकूम दिला, "जेवढी हाये तेवढी पूरी त्याले देऊन टाका. हात आखडता घेऊ नका."

मला ते पटत नव्हतं, पण शेठजी खुर्ची ओढून शेजारीच बसले होते. मी आकडे वाढवले. डेटाबेस तीन-चार दिवस घोड्यासारखा धावला आणि पाचव्या दिवशी भर दुपारी मेला. या वेळी रांगेत एक ट्रॅक्टरवाला इतका तापला की थेट ऑफिसात येऊन म्हणाला, "मशीन मेलं तर मेलं, माणसं तर जित्ती हायेत ना इथं?" शेठजींना ते लागलं. रांग ओसरल्यावर ते मला म्हणाले, "मॅडम, दोन डाव झाले. आणखी एक डाव मशीन बसलं, तर मी कागद-पेन काढतो, अन् तुमी वर्ध्याले बरे."

वर्ध्याले म्हणजे आर्वीले. हे शेठजींना माहीत नव्हतं, मला होतं. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी थेट वायगावपर्यंत बिजागऱ्यांचाच विचार केला.

दुसऱ्या दिवसापासून मी आकडे वाढवणं बंद केलं आणि नुसतं बघायला लागले. मेमरी किती मोकळी आहे ते लिनक्स एका छोट्या तक्त्यात सांगतो. शेठजी माझ्या खांद्यावरून डोकावले आणि त्यांचा चेहरा पडला. मोकळी मेमरी जवळजवळ शून्य दिसत होती.

"खलास," ते म्हणाले.

"खलास नाही. त्याच्या खालची ओळ बघा. रिकामी मेमरी लिनक्स नुसती पडू देत नाही. वाचलेल्या फायली तिच्यात ठेवतो, पुन्हा लागल्या तर पटकन मिळाव्यात म्हणून. कुणी जागा मागितली की लगेच रिकामी करून देतो. ती धरली तर अजून बरीच मोकळी आहे."

शेठजींनी जरा विचार केला. "म्हणजे माह्या मागच्या गोदामावानी. मोकळं असलं का शेजारी सरकी ठेवते, आपला माल आला का उचलते."

"अगदी तसंच."

शेठजी खूष झाले आणि जाताना चहा पाठवून दिला. पण माझा प्रश्न तसाच होता. त्या दिवशी खालच्या ओळीत बरीच जागा दिसली. रोज ती थोडी थोडी कमी व्हायची आणि परत कधी वाढायचीच नाही. गोदामात कुणीतरी न उचलायचा माल आणून टाकत होतं.

मग मी डेटाबेसला कोण कोण चिकटलं आहे त्याची यादी काढली आणि माझे डोळे पांढरे झाले. ऑफिसात कॉम्प्युटर पाच, आणि यादी पडद्यावर मावेना. काट्याच्या खोलीतूनच ढीगभर जोडण्या. प्रत्येक जोडणीने आपल्या कामापुरती मेमरी घेतलेली, आणि काम संपल्यावरही ती धरून ठेवलेली. मी शेठजींच्या आग्रहाखातर जो आकडा वाढवला होता तो नेमका एकेका जोडणीच्या वाट्याचा होता. म्हणजे एका ताटात जास्त वाढायचं म्हणून मी सगळ्या पंगतीच्या ताटांत वाढलं होतं, आणि पंगतीतून कुणी उठतच नव्हतं.

मी तडक काट्याच्या खोलीत गेले. काटेवाले भाऊ साठीकडे झुकलेले, मिशीला तेल लावणारे आणि कॉम्प्युटरला 'ते' न म्हणता 'ह्या' म्हणणारे, म्हणजे आदराने. कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलेलं होतं.

"भाऊ, ही खिडकी जरा बाजूला घ्या," मी म्हटलं.

त्यांनी वजनाची खिडकी बाजूला सरकवली. खाली दुसरी वजनाची खिडकी. ती सरकवली, खाली तिसरी. सासरी निघालेल्या मुलीच्या ट्रंकेतून साड्या निघाव्यात तशा खिडक्या निघत गेल्या. सगळ्यात तळाशी एक खिडकी होती, तिच्यात वजनाच्या रकान्यात नुसतं 'श्री' लिहिलेलं होतं.

"हे काय आहे?"

"मुहूर्ताची हाये ते. सीझन सुरू झाला त्या दिवशी पूजा केली ना, तवा उघडली."

"मग बंद नाही केली?"

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवघरातला दिवा फुंकायला सांगितला होता. "सीझन चालू हाये, मॅडम. मुहूर्ताचं कसं बंद करता?"

"बरं. पण बाकीच्या कशाच्या आहेत?"

"हे सोमवारची बोहनी. हे मंगळवारची. जिच्यावर दिवसाचा पहिला माल तोलला ते कसं बंद करू? आपण दुसरी उघडतो, तिले तसंच राहू देतो. चालते ना?"

मी विचारलं, ऑफिसात सगळे असंच करतात का? भाऊ म्हणाले, "सगळेच करते. मीच सांगतलं होतं सगळ्याइले." त्यांच्या आवाजात नम्र अभिमान होता. जिनिंगचा स्वतःचा जनरेटर असल्याने कॉम्प्युटर सीझनभर बंद होत नसत. संध्याकाळी फक्त पडदे मालवले जात आणि त्यामागे सगळ्या बोहन्या जाग्या राहत.

मला हसावं की रडावं कळेना. मी थेट शेठजींकडे गेले, सगळं सांगितलं आणि म्हटलं, "तुम्ही एकदा सगळ्यांना सांगा, काम झालं की खिडकी बंद करायची." शेठजींनी आपल्या केबिनमधल्या कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. वर झेंडूचा हार होता. आत 'श्री' होतं.

"सीझनमंदी बंद हा शब्द नाई काढाचा," ते समजुतीने म्हणाले. "दुसरं काईबी सांगा."

त्या संध्याकाळी मी चिडलेलीच होते. पाच कॉम्प्युटर, शेकड्याने खिडक्या, प्रत्येकीत देव. शेठजींनाच हवं आहे ते मी थांबवणार कशी? आणि नाही थांबवलं तर काही दिवसांत सर्व्हर पुन्हा मरणार, मी घरी, आणि बाबा आर्वीला फोन लावणार. मला लग्नाचं वावडं नव्हतं. पण एका जिनिंगच्या खिडक्यांनी माझं लग्न ठरवावं हे मला अजिबात मान्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे बाबांनी रुमाल टाकला. मी चढले, बसले. माझ्या पुढच्या सीटवर एक पिशवी होती, पलीकडे एक टोपी, मागे एक वर्तमानपत्र. जितक्या जागा तितक्या वस्तू, माणसं मात्र बरीच बाहेर रसवंतीवर. दारात उभ्या असलेल्या बायका कुरकुरायला लागल्या. कंडक्टर चढला, घंटी मारली आणि म्हणाला, "गाडी हालली. ज्याचा माणूस नाई त्याची जागा मोकळी. रुमाल बाजूले ठेवा, फेकू नका कोणी." बायकांनी पिशवी, टोपी, वर्तमानपत्र उचलून वरच्या फळीवर ठेवलं आणि बसल्या. पिशवीवाला धावत शेवटी चढला. त्याने पिशवी पाहिली, ती सुखरूप होती, म्हणून तो भांडला नाही. मागे एक जागा होती तिथे जाऊन बसला.

मी इतकी ताठ बसले की शेजारच्या बाईने विचारलं, "उलटी येऊन राह्यली काय?"

खिडकी बंद करायची गरजच नव्हती. खिडकी म्हणजे रुमाल, तो राहू दे पडद्यावर. तिच्यामागची जोडणी म्हणजे जागा. ज्या खिडकीला बराच वेळ कुणी हात लावत नाही तिची जोडणी सर्व्हरनेच गुपचूप सोडवून घ्यायची. कुणी पुन्हा तिला हात लावला की नवी जोडणी करून द्यायची. श्री तिथेच, हार तिथेच, कुंकू तिथेच. डेटाबेसमध्ये ती सोय होतीच. रिकाम्या जोडणीला किती वेळ बसू द्यायचं तो आकडा नागपूरच्या गृहस्थांनी कुणाची तक्रार नको म्हणून इतका मोठा करून ठेवला होता, की गाडी चंद्रपूरला जाऊन परत आली तरी रुमाल उचलला गेला नसता.

ऑफिसात पोचल्या पोचल्या मी कामाला लागले. रिकाम्या जोडणीची मुदत एका जेवणाच्या सुट्टीएवढी केली. एकेका जोडणीच्या वाट्याची मेमरी, जी शेठजींच्या आग्रहाने फुगली होती, ती पुन्हा आटोक्यात आणली. एकावेळी जास्तीत जास्त किती जोडण्या आत घ्यायच्या तेही ठरवलं. त्यापुढे आला त्याला 'थोडं थांबा' असा निरोप. आणि डेटाबेसच्या सामाईक साठ्याला मशीनच्या अर्ध्यापेक्षा कमी जागा दिली, म्हणजे लिनक्सलाही श्वास घेता येईल. मग हिशेब केला: सगळ्या जोडण्या भरल्या, सगळ्यांनी आपापला वाटा पुरा घेतला, तरी बेरीज मशीनपेक्षा कमी. ही बेरीज आधी कुणी केलीच नव्हती. मीसुद्धा.

परीक्षा लगेचच आली. भाव चढला आणि आसपासच्या गावांतला कापूस एकदम बाहेर निघाला. समुद्रपूरकडून, गिरडकडून गाड्या आल्या, आणि सकाळी मी उतरले तेव्हाच रांग फाटकाबाहेर होती. शेठजी केबिनमध्ये बसले नाहीत. खुर्ची घेऊन माझ्याजवळ आले आणि तक्त्याच्या खालच्या ओळीकडे, आपल्या गोदामाकडे, बघत राहिले.

आकडा उतरायला लागला. दहा वाजता बरा होता, बाराला वाईट. मला मनापासून भीती वाटत होती, आणि ती सर्व्हरसाठी नव्हती. शेठजी हळूच म्हणाले, "थोडं जास्त देऊन पाह्यता काय त्याले?" मी पहिल्यांदाच त्यांना नाही म्हटलं. मोठ्याने म्हटलं असावं, कारण हिशेबाच्या टेबलावरचे दोघे वळून बघायला लागले. शेठजींनी हात मांडीवर ठेवले.

मग जेवणाची सुट्टी झाली आणि आकडा थांबला. थोडा वर गेला. सकाळच्या बोहन्यांच्या जोडण्या एकेक करून सुटत होत्या. दुपारी एकदा काटेवाले भाऊ तक्रार घेऊन आले. "मॅडम, ह्या मले थांबा म्हणून राह्यल्या."

"मग थांबा ना, भाऊ. थोडंच थांबायचं आहे."

"थांबलो. आता गेलं. पण ह्या पयले कधी अशा बोलत नव्हत्या."

संध्याकाळपर्यंत शेवटची गाडी काट्यावरून उतरली. डेटाबेस जिवंत होता. भाऊंच्या पडद्यावर तळाशी श्री जागच्या जागी होतं. शेठजी उठले, सर्व्हरकडे पाहिलं आणि म्हणाले, "कमी जेवला, पण कामाचा निंघाला." मग मला म्हणाले, "तुमी जेवल्या काय?" मी जेवले नव्हते. त्यांनी समोर बसवून खाऊ घातलं, आणि मी हात आडवा धरला तेव्हा त्यावर वाढलं.

घरी बाबा दुकानाच्या दारातच होते. "मेलं काय मशीन?" त्यांनी विचारलं. त्यांना काय उत्तर हवं होतं ते मला कळेना, त्यांनाही कळत नसावं.

"नाही," मी म्हटलं.

ते आत जाऊन साखर तोलायला लागले.

सर्व्हर त्या सीझनमध्ये पुन्हा मेला नाही. उन्हं तापली तसा कापूस संपत आला. शेवटच्या दिवशी पूजा झाली, नारळ फुटला, आणि मग सगळ्यांनी आपापल्या मुहूर्ताच्या खिडक्या हात जोडून बंद केल्या. शेठजी म्हणाले, उन्हाळ्यातही हिशेब असतात, सोमवारपासून येत जा.

मी घरी सांगितलं. बाबा काहीच बोलले नाहीत. कापूस संपला का मंग बोलू, असं ते म्हणाले होते आणि कापूस तर संपला होता. मी दोन दिवस वाट पाहिली, की आता बोलतील, मग बोलतील. रविवारी त्यांनी दुकान लवकर उघडलं, एवढंच.

सोमवारी सकाळी मी तयार होऊन बाहेर आले तर स्कूटर नव्हती. बाबाही नव्हते. मला वाटलं, हेच उत्तर. मी ऑटोने स्टँडवर गेले. हिंगणघाटची गाडी भरलेली होती, दारात माणसं लोंबत होती. आज उभं राहूनच जावं लागणार म्हणून मी आत घुसले, आणि खिडकीजवळच्या एका मोकळ्या सीटवर निळ्या चौकड्यांचा रुमाल दिसला.

बाबा खाली फलाटावर उभे होते, वेळापत्रकाच्या पाटीकडे बघत, जणू त्यांना पाटीच बघायची होती.

"बाबा, तुम्ही आधीच आला?"

"सोमवारची गर्दी असते," ते पाटीकडेच बघत म्हणाले. "म्हणून पयलेच येऊन टाकला." मग जरा थांबून म्हणाले, "आर्वीवाल्याइले नाई म्हणून कळवलं. मागच्याच महिन्यात. तुह्या आईले सांगू नको, मी सांगीन."

मी बसले आणि खिडकीतून रुमाल त्यांना द्यायला हात बाहेर काढला खरा, पण डोळे पुसायला तोच हाताशी होता, म्हणून जरा वेळ ठेवून घेतला. कंडक्टरने घंटी मारली. बाबांनी हात पुढे केला.

"आण इकडं," ते म्हणाले. "उद्या लागते."